रोमच्या बादशहाला कल्हई

आमची चूल पेटायची ती दुसऱ्यांच्या भांड्यांच्या जिवावर. बाबा कल्हईवाले. अकोल्याच्या जुन्या वस्तीत, नदीच्या अंगाला आमची एक खोली होती आणि खोलीपुढे निंबाचं झाड. त्या झाडाखाली बाबांचा भाता पुरलेला. लोकांची पितळी पातेली, तांब्याचे गंज, लग्नातली मोठाली बगुणी बाबा आतून चांदण्यासारखी करून द्यायचे, आणि आमच्या घरातली पितळी भांडी मात्र एकेक करून मोडीत गेलेली. वरण शिजायचं ते मातीच्या गाडग्यात. कल्हईवाल्याच्या घरी कल्हई करण्याजोगं भांडं नाही, हे मला लहानपणी फार विनोदी वाटायचं. मायला वाटत नसे.

साठ सालाच्या आगेमागे बाजारात स्टीलची भांडी आली. त्याआधी जर्मनची आली होतीच, म्हणजे ॲल्युमिनियमची. आमच्याकडे त्याला सगळे जर्मनच म्हणत. बाबांचं या दोन्ही धातूंशी उभं वैर. बाजारातून जाताना ते स्टीलच्या दुकानापुढे थांबायचे, एक पातेलं उचलायचे आणि नखाने टिचकी मारून मला म्हणायचे, "आयक. काही बोलते का हे? निरा मुकं हाय."

दुकानदार गादीवरून म्हणायचा, "बुढेबुवा, भांड्यात भाजी शिजवाची हाय का त्याच्यासंगं गोठी कराच्या हायेत?"

बाबा पातेलं खाली ठेवायचे आणि हिवरखेडची एस.टी. धरायचे. पाठीला पोतं, पोत्यात नवसागर, कथलाची कांडी, कापसाचा बोळा, हातभाता. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी एक आरोळी दिली की बाया भांडी घेऊन धावत यायच्या. आता सबंध आळीतून एखादी यायची, तीही एकच गंज घेऊन. बाबा संध्याकाळी परत यायचे तेव्हा पोत्यातलं कथील तेवढंच असायचं. माय भाकरीवर तिखट आणि तेल घालून द्यायची. बाबा खायचे आणि म्हणायचे, "लोकं आजकाल जेवूनच नाइ राहिले वाटते."

अशा घरातून मी अमरावतीला कॉलेजात गेलो. घराण्यातला पहिला. हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही. बाबांनी मला कधीही भात्याला हात लावू दिला नाही. शेजारची पोरं गंमत म्हणून भाता मारायची, त्यांना चालायचं. मी नुसता जवळ बसलो की बाबा चिमटा उगारायचे. "पुस्तक पाय. इस्तो नको पाहू." त्यामुळे भात्याजवळ जन्मून मला कल्हई करता येत नाही. लाजेची गोष्ट आहे, पण आहे.

वैशाख आला की मला हे सगळं आठवतं. आमच्याकडचा वैशाख म्हणजे काय ते अकोल्यात राहिलेल्यालाच कळेल. दुपारी अकराला रस्ते ओस पडतात, कावळे चोच उघडी टाकून बसतात आणि माठातलं पाणी प्यायलं की ते पोटात कुठवर पोचलं हे बोटाने दाखवता येतं. याच दिवसांत निकालाची वाट पाहायची असते. आता माझी नात निकालाची वाट पाहते आहे. ती घटकेघटकेला मोबाइल उघडते, मिटते, पुन्हा उघडते. मी म्हणालो, "अगं, निकाल काय भजी आहेत का, सारखं उलटून पाहायला?" ती म्हणाली, "आबा, तुम्ही काय करायचात वाट पाहताना?"

आम्ही रोमचे बादशहा ओळखायचो.

खरंच सांगतो. बी.ए.ची परीक्षा देऊन मी अमरावतीहून घरी निघालो, तेव्हा इतिहासाच्या लेले सरांनी मला खोलीवर बोलावलं. सर पुण्याकडचे. बोलणं असं घडी घातलेलं की आमच्या वर्गातली अर्धी पोरं त्यांच्यापुढे तोंडच उघडायची नाहीत. उघडलं तर 'मले', 'तुले' बाहेर पडायचं आणि सरांची भुवई वर जायची. माझ्यावर त्यांचा जीव होता, कारण मी भुवईला न भिता प्रश्न विचारायचो.

त्यांनी औषधाच्या गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा पुढे ठेवला. आत कागदाच्या पुड्या. प्रत्येक पुडीवर आकडा, एक ते एकेचाळीस. पुडी उघडली तर आत काळपट हिरवी चकती. काही चकत्या आण्याएवढ्या, बऱ्याचशा करंगळीच्या नखाएवढ्या. मदुरेकडे सरांचे एक स्नेही होते. तिथे पूर ओसरल्यावर नदीची वाळू चाळून सोन्याचे कण वेचणारी माणसं असतात, त्यांच्याकडून ही नाणी घेतलेली.

"नामदेव, ही रोमची आहेत. अखेरच्या काळातली. सोळाशे वर्षांपूर्वी मिरीच्या व्यापारात आली असावीत. हे कासं आहे. सोन्याची नाणी सगळेच ओळखतात, तिथे कौतुक नाही. ही ओळखून दाखवा."

मग सरांनी खरी गोष्ट सांगितली. सरकारी संग्रहालयात नाण्यांच्या कपाटासाठी एक सहायक घ्यायचा होता. ही नाणी सर तिथेच देणार होते, यादीसकट. "यादी नीट झाली तर यादीबरोबर तुमच्यासाठी पत्र पाठवीन. फसली तर पाठवणार नाही. मी खोटी शिफारस करत नाही." पंधरा दिवसांनी त्यांच्या भाचीचं लग्न अकोल्यातच होतं. तेव्हा ते घरी येऊन डबा आणि यादी घेऊन जाणार होते.

एवढं पत्र मिळालं की बाबांचं हिवरखेड बंद, असा मी एस.टी.त बसल्याबसल्या हिशेब करून टाकला. डबा मांडीवर होता. मूर्तिजापूर येईपर्यंत मी तो सात वेळा उघडून पाहिला असेल.

जुनं कासं ओळखणं ही काय भानगड आहे ते सांगतो. सरांनी तीन प्रश्न शिकवले होते. तोंड कोणाचं? पाठीवर काय? पायाखाली कोणतं गाव?

तोंडाचा काही उपयोग नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. सगळे बादशहा एकाच न्हाव्याकडून उठून आल्यासारखे. लांब नाक, बटबटीत डोळा, केसांना मोत्यांची दोरी आणि मागे मानेवर दोरीची गाठ. नावावरून ओळखावं म्हटलं तर त्या काळच्या एका थोरल्या बादशहाने तीन मुलांची नावं अशी ठेवली की बाप धरून चौघांचीही पहिली सात अक्षरं सारखी. घरात हाक मारली की चौघं येत असतील. आणि माझ्या नशिबी आलेल्या नाण्यांवर नेमकी तेवढीच सात अक्षरं शाबूत, पुढची झिजलेली.

पाठ त्यामानाने प्रामाणिक. एका जातीच्या नाण्यावर दोन शिपाई उभे आणि मध्ये दोन निशाणं. नंतरच्या वर्षांत नाणं लहान झालं, मग दोन निशाणांचं एक झालं, पण शिपाई मात्र दोनच राहिले. एका झेंड्याला दोन माणसं. सरकारी कारभार तेव्हाही असाच होता हे पाहून मला धीर आला. आपल्यालाही नोकरी लागेल असं वाटलं. शिपायांच्या पायाखाली तीन-चार बारीक अक्षरं, तेच टांकसाळीचं गाव. धुळीने भरलेल्या एस.टी.ची पाटी लांबून वाचायची सवय असलेल्या माणसाला हे काम जमतं. मला जमू लागलं.

निंबाखाली खाट, खाटेवर धोतराचं पान, पानावर नाणी. सरांनी दिलेलं भिंग आणि एक जाडजूड इंग्रजी यादी. एका बाजूला बाबांचा भाता, कारण लग्नसराई होती आणि वर्षातलं बरंचसं काम याच दिवसांत यायचं. दुसऱ्या बाजूला मायच्या कुरड्या वाळत घातलेल्या. भाता घरघरायचा, बाबा तापल्या बगुण्यात नवसागराची चिमूट टाकायचे आणि पांढरा धूर भस्सकन वर यायचा. तो वास नाकात तिखट झोंबतो आणि तरी पुन्हा घ्यावासा वाटतो. मग कथलाची कांडी टेकायची, कापसाचा बोळा फिरायचा आणि काळ्या भांड्याच्या पोटात एकदम चंद्र उगवायचा. हजार वेळा पाहिलं तरी मान त्या बाजूला वळायचीच. बाबा न बघता म्हणायचे, "पुस्तक पाय."

मायला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिला नाणी जास्त दिसायची. कुरड्या उलटायला आली की ती एखादं नाणं उचलायची, डोळ्यापासून लांब धरायची. तटबंदीचं दार, त्यावर दोन बुरूज आणि वर एक चांदणी, असं एक नाणं होतं. माय म्हणाली, "वीटभट्टी हाय. हे पाय, ठिणगी उडून राहिली." दुसऱ्या जातीचं नाणं अगदी नखाएवढं. त्यावर पंखवाली बाई एका माणसाला केसाला धरून फरफटत नेते आहे. मायने ते लगेच ओळखलं.

"हे बाई पोराले शाळेत नेऊन राहिली."

"माय, ते विजयाची देवी हाय. अन् तो कैदी हाय."

"कैदी असो का पोट्टं. तोंड पाय ना त्याचं. तू असाच जायचा."

तेव्हापासून आमच्या घरात त्या जातीला 'शाळेवाली' हे नाव पडलं. हसण्यावारी नेऊ नका. अक्षरं पार गेलेल्या नखाएवढ्या नाण्यांमधून मायने एका दुपारी चौदा शाळेवाल्या निवडून बाजूला काढल्या, नुसत्या त्या बाईच्या कमरेच्या वळणावरून. मी भिंगाने तपासल्या. एकही चूक नव्हती. माझ्या कच्च्या वहीत त्या चौदा आकड्यांपुढे मी पेन्सिलीने 'शा' लिहिलं, इंग्रजी नाव नंतर घालू म्हणून.

दहा दिवसांत सव्वीस झाली. पंधरा राहिली. ती काही केल्या तोंड उघडेनात. मळ असा बसलेला की बादशहा आहे की भेंडीचं बी, सांगता येईना. आणि त्याच दिवसांत नांदगाव खंडेश्वरच्या मित्राचं लग्न निघालं. मित्र असा, की दोन वर्षं एका खोलीत राहून एका घमेल्यात जेवलेलो. डबा मी मायच्या हवाली केला आणि दोन दिवसांसाठी गेलो.

बाबांच्या हवाली केला नव्हता, हे मी आजही सांगतो.

परत आलो तर ऊन उतरत होतं. बाबा निंबाखाली बसलेले, तोंडावर लेकीच्या लग्नात वरात वेळेवर आल्यासारखं समाधान. पुढे परात. परातीत धोतराचं पान. पानावर अकरा गोल चकाकत होते. मला क्षणभर वाटलं, आहेरात कोणी जोडवी दिली काय.

"बाबा, हे काय हाय?"

"तुयेच बादशा."

"चमकून काहून राहिले?"

"कल्हई केली."

मी एक उचलून पाहिलं. "कायले केली?"

"कायले म्हंजे? उतरली व्हती." बाबा असं म्हणाले, जणू मीच काही बावळट चौकशी करतो आहे. "तुया मास्तरानं सांगतलं नसन. लोकं सांगतच नाइत. उतरलेल्या भांड्यात ताक ठेवतेत, ताक कळकलं का मंग मले शिव्या देतेत."

"बाबा, याच्यात कोण ताक ठेवणार हाय?"

"नसन ठेवत. पण नागडं भांडं कल्हईवाल्याच्या घरातून गेलं असं नको व्हायले."

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते आठवत नाही. सोळाशे वर्षं म्हणालो, पत्र म्हणालो, नोकरी म्हणालो. नाण्यावरचा तो काळा-हिरवा थर म्हणजेच त्याचं वय, तेच तुम्ही चिंचेच्या पाण्याने धुऊन वर इस्तवावर भाजलंत, असंही म्हणालो. बाबा चिमटा हातात धरून ऐकत राहिले. नोकरी हा शब्द आला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. तोवर त्यांना वाटत होतं की त्यांनी लेकाचं काम अर्धं करून ठेवलं आहे.

माय आतून म्हणाली, "बापावर वरडू नको. बी.ए. झाला नाइस अजून. निकाल लागाचा हाय."

पुढचे तीन दिवस आमच्या घरात बादशहांना पुन्हा म्हातारं करण्याचे उपाय चालले. कथील पुसून निघतं का? बाबा म्हणाले, तापवून पुसलं तर निघते, पण खालचं बी निघन. मग मायने तव्याची काजळी घेतली, तिळाच्या तेलात खलली आणि एका बादशहाला चोळली. तो म्हातारा दिसेना. नजर लागू नये म्हणून तीट लावलेल्या तान्ह्या बाळासारखा दिसू लागला. शेजारीण म्हणाली, शेणात पुरून ठेवा. पुरलं. दुसऱ्या दिवशी काढलं तर तसंच चकचकीत, फक्त वास येणारं. बाबा तेवढ्यातही हळूच म्हणाले, "माया हातची कल्हई हाय. दोन वर्षं हालत नाइ."

आज इतक्या वर्षांनी मी त्या दिवसांकडे पाहतो तेव्हा मला माझाच राग येतो, आणि हसूही. संग्रहालयातली सगळी वर्षं मी लोकांवर याच गोष्टीसाठी ओरडलो आहे. कोणी दागिना घासून आणला, कोणी ताम्रपट लिंबाने उजळून आणला, की मी खुर्चीतून उठायचो. नाण्याचा मळ म्हणजे त्याची साक्ष, हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की घरची मंडळी मला चिडवतात. पण घासणाऱ्या माणसाच्या हातालाही काही कळत असतं, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. पुस्तकं तरी काय करतील बिचारी. त्यांना हात नसतात.

लेले सर आले ते भर दुपारी, छत्री उघडून, पांढऱ्या शर्टाला घामाचा नकाशा पडलेला. मी रात्रीपासून वाक्यं पाठ करून ठेवली होती. सर, माझ्या निष्काळजीपणामुळे. सर, जबाबदारी सर्वस्वी माझी. मायने कैरीचं पन्हं दिलं. सर पहिला घोट घेतात न घेतात तोच बाबांनी परात आणून त्यांच्यापुढे ठेवली. लपवायचं असतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं. झालेलं काम गिऱ्हाइकापुढे ठेवायचं, एवढंच त्यांना माहीत.

सरांनी पेला खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नामदेव, ही चांदीची कधी झाली?"

"चांदी नाइ सर, कथील," बाबा म्हणाले. "चांदीची आमची ऐपत नाइ. पयली चांदीची व्हती."

"पहिली म्हणजे?"

"पयली कल्हई. ज्यानं बनवलं त्यानं केली ते."

सरांची भुवई वर गेली. पण या खेपेला ती खाली यायला वेळ लागला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाले कोण पाह्यजे? दिसते ना. बारावं राह्यलं, माया जवळचं कथील संपलं." बाबांनी एक पुडी उलगडली आणि त्यातलं काळं नाणं सरांच्या हातावर ठेवलं. "त्याच्या कानामांगं पाहा. अन् थे दोरीची गाठ हाय, तिच्या खाचीत. घासणाऱ्याचं बोट तथी पोचत नाइ. बगुण्याची कल्हई बी कडीपाशीच मांगं राहते. आमी जुनं भांडं हातात घेतलं का पयले कडीपाशी पाहतो."

सरांनी माझ्याकडे हात केला. मी भिंग दिलं. सर उन्हाच्या कवडशाकडे सरकले आणि नाणं फिरवत राहिले. भाता थंड, कुरड्या वाळून खडखडीत, निंबावर एक कावळा. मी माझी पाठ केलेली वाक्यं मनात विसरत होतो.

"आहे," सर म्हणाले. "पांढरी रेघ आहे." मग भिंग खाली ठेवून, "या काळातल्या काही नाण्यांवर चांदीचा पातळ मुलामा असायचा, हे मी वाचलं होतं. वाचलं होतं हो. पाहिलं नव्हतं. डबा दोन वर्षं माझ्या टेबलावर होता."

मग एकदम मास्तरी आवाजात, "ही अकरा कुठल्या आकड्यांची? की पुड्यांची सरमिसळ केलीत?"

बाबांना हा प्रश्न लागला. "सरमिसळ? गावातल्या चाळीस घरची भांडी एका भट्टीवर असतेत सर. एकीचा गंज दुसरीच्या घरी गेला तर बाया उभा जाळतीन मले. ज्याचं त्याच्या पुडीवरच हाय." आणि तसंच होतं. अक्षर न येणाऱ्या माणसाने अकरा पुड्या अकरा नाण्यांखाली बरोबर ठेवल्या होत्या, आणि उरलेल्या डब्यात लागोपाठ.

सरांनी माझी कच्ची वही मागितली. एकेक आकडा वाचायचे आणि वहीत बोट ठेवायचे. अकरांपैकी सहा मी आधीच ओळखलेली होती. ती सहाही थोरल्या बादशहाच्या आणि त्याच्या आधीच्या वर्षांतली. आणि नखाएवढ्या नाण्यांपैकी, म्हणजे साठ-सत्तर वर्षांनंतरच्या नाण्यांपैकी, बाबांनी एकाही नाण्याला हात लावला नव्हता.

"ही का सोडलीत?" सरांनी विचारलं.

"त्याले कधी कल्हई नव्हतीच. गरिबाचं काम हाय थे. राज्य डबघाईले आलं असन तोवर."

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तुम्ही तुमच्या वडिलांना शिकवलंत?" मी म्हणालो, "नाही सर. मले बी," आणि जीभ चावली, "मलाही आत्ताच कळतंय."

"आणि हे 'शा' काय आहे? चौदा वेळा आलंय."

मायने पदर तोंडाला लावला. मला सांगावं लागलं. लेले सरांना मोठ्याने हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पुण्याची माणसं हसतात तेव्हा आपल्यासारखीच दिसतात, हे मला त्या दिवशी समजलं.

पण हसून झाल्यावर त्यांनी अकराही नाणी भिंगाखाली घातली. मी ओळखू न शकलेली पाच त्यात होती. चिंचेच्या पाण्याने मळ गेलेला, त्यामुळे तिघांच्या पायाखालचं गाव आता स्वच्छ वाचता येत होतं. एकावर काही नव्हतंच. आणि एकावर अक्षरं होती, ती कायमची गेली होती. बोळा फिरवताना गेली. सरांनी ते नाणं वेगळं ठेवलं आणि बाबांकडे वळले.

"तुमच्याकडून फार मोठी चूक झाली आहे. हे पुन्हा कधी करू नका. आणि मला दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं. या दोन्ही गोष्टी यादीत लिहाव्या लागतील."

बाबांनी विचार केला. "लिहा. चूक हाय त लिहाच लागन. पण चूक बारीक अक्षरात लिहा."

सर पन्हं संपवून उठले. डबा पिशवीत टाकला, माझी वही घेतली. मी दारापर्यंत गेलो. पत्राचं विचारायचं धाडस माझ्याने झालं नाही, आणि त्यांनीही काढलं नाही. छत्री उघडून ते लग्नघराकडे चालू लागले. लांबून वाजंत्री ऐकू येत होती. मी परत आलो तर बाबा परात धुवत होते.

"मास्तर देतीन का रे पत्र?"

"मालूम नाइ."

"म्या तुयं वाटोयं केलं का?"

मी परात घेऊन पुसू लागलो. नाही म्हणायला हवं होतं. तेवढं एक आजही मनात आहे. तेव्हा मला खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि खोटं बोलण्याइतका मी मोठा झालो नव्हतो.

वैशाख संपला, ज्येष्ठ लागला. निकालाची वाट आणि पत्राची वाट, दोन्ही एकाच पोस्टमनच्या सायकलीवर. तो गल्लीत शिरला की बाबा भाता थांबवायचे. तो पुढे गेला की पुन्हा घरघर सुरू. आमच्या गल्लीला भात्याच्या आवाजावरून कळायचं, नामदेवचं आज काही आलं नाही. शेजारीण मायला विचारायची, माय म्हणायची, "सरकारी काम हाय, शिजाले वेळ लागते." बाबा हिवरखेडला जायचे बंद झाले त्या दिवसांत. गिऱ्हाईक चुकलं तरी चालेल, पोस्टमन चुकता कामा नये, असं त्यांचं चाललं होतं.

निकाल आधी आला. बी.ए., दुसरा वर्ग. बाबांनी आख्ख्या आळीला गुळाची ढेप फोडून वाटली, आणि स्टीलच्या दुकानदाराला मुद्दाम जाऊन खडा देऊन आले. लिफाफा आला तो त्यानंतर, पहिली पेरणी झाल्यावर. मुलाखतीला या, म्हणून.

लांबलचक टेबलामागे तीन साहेब होते. मधल्या साहेबांपुढे सरांनी पाठवलेली यादी उघडी पडली होती, तिला सरांचं पत्र टाचलेलं. त्यांनी माझ्या पदवीबद्दल काही विचारलं नाही, रोमबद्दलही नाही. हातातली अंगठी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सांगा, यावर कधी मुलामा होता का?" मी अंगठी उचलली, उजेडाकडे धरली आणि खड्याच्या कोंदणाखाली, जिथे बोट पोचत नाही, तिथे पाहिलं. होता. सोन्याचा. मी तसं सांगितलं. साहेबांनी अंगठी परत बोटात घालताना दुसऱ्या साहेबांकडे पाहिलं नाही, यावरून मी समजलो की ती त्यांना अस्सल म्हणून विकली गेली होती.

एकेचाळीस नाण्यांपैकी चौतीस ओळखली गेली, त्यातली शेवटची पाच मागाहून. सात राहिली, ती अजूनही कोणाला ओळखता आलेली नाहीत. यादी छापून आली. करणाऱ्याचं नाव म्हणून तिच्यावर माझं नाव आहे आणि मुलाम्याच्या नोंदीत बाबांचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्याच पावसाळ्यात मी संग्रहालयात सहायक म्हणून रुजू झालो.